मोटारसायकल शिका आणि पक्का परवाना घ्या



नवा बैल आपण एकदम बाजाराच्या वाटेला लावत नाही. आधी मोकळ्या रानात जुंपून बघतो, त्याची चाल बघतो. मोटारसायकलचे मात्र उलटे होते. गाडी दारात आली की हार घालायचा, पेढे वाटायचे आणि दुसऱ्या दिवशी दुधाचे कॅन लटकवून डेअरीला निघायचे. परवान्याचे विचारले तर, "बघू सवडीनं. गावात कोण विचारतोय?"

विचारणारे कोण असते ते सांगतो. कृषी खात्यात आम्हाला शेतकरी अपघाताचे प्रस्ताव तपासावे लागतात. असाच एक प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. सातबारा होता, वारसांची नोंद होती, पोलिसांचा पंचनामा होता. घरधनी स्वतः मोटारसायकल चालवीत असताना अपघातात गेला होता. परवान्याची प्रत तेवढी नव्हती, कारण त्याने परवाना कधी काढलाच नव्हता. त्याची बायको म्हणाली, "साहेब, गाडी येत होती हो त्यांना. साऱ्या गावाला विचारा." खरेच येत असणार. पण गावाची साक्ष प्रस्तावाला जोडता येत नाही.

परवाना कशासाठी?

महाराष्ट्रात 2023 पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. मात्र शेतकरी स्वतः वाहन चालवीत असेल तर त्याचा वैध परवाना जोडावा लागतो. गाडीच्या विम्यातील मालक-चालकाच्या अपघात संरक्षणालाही हीच अट आहे.

दुसरी बाजू याहून जड आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली आणि चालवणाऱ्याकडे परवाना नसला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत गेली तर जमिनीच्या तुकड्यावरच येते.

दंडही थोडा नाही. 2019 च्या कायदादुरुस्तीनुसार विनापरवाना गाडी चालवल्यास 5,000 रुपये दंड होतो. 18 वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "पोरगं फक्त डबा घेऊन रानात गेलंय" ही सबब चालत नाही.

आधी शिकाऊ परवाना

गियरच्या गाडीसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर भरावा. वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि फोटो जवळ ठेवावा. वय 40 च्या पुढे असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो. चाचणीत रस्त्यावरच्या खुणा आणि नियम विचारतात. 2021 पासून आधारच्या ओळखीवर ही चाचणी घरबसल्याही देता येते. ती स्वतःच द्यावी. दुसऱ्याने बटणे दाबून मिळालेला कागद घाटातल्या वळणावर कामाला येत नाही.

शिकाऊ परवाना 6 महिने चालतो. गाडीला पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावावा. मागे बसवायचेच तर पक्का परवाना असलेल्या शिकवणाऱ्यालाच बसवावे. बायको-मुले, कॅन, कडबा यांपैकी काही नको.

शिकावे कसे?

पीक निघालेले स्वतःचे सपाट, कोरडे रान सर्वांत चांगले. पहिले दोन दिवस फक्त क्लच शिकावा. पहिला गियर टाकून क्लच सावकाश सोडत गाडी जेमतेम सरकवावी आणि थांबवावी. हे जमल्याशिवाय दुसऱ्या गियरला हात लावू नये.

मग ब्रेक. पुढचा व मागचा ब्रेक बरोबर, हळूहळू दाबत जावा. मुरुमावर, चिखलावर, उसाच्या पाचटावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की गाडी आडवी झालीच समजा. पावसात रानातला काळा चिखल डांबरावर येतो. तिथे वेग आधीच कमी करावा. गळीत हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. म्हणून रात्री दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते, तेवढ्या अंतरात थांबता येईल असाच वेग ठेवावा.

पक्क्या परवान्याची परीक्षा

शिकाऊ परवान्याला 30 दिवस झाल्यावर आणि 6 महिने संपण्यापूर्वी परीक्षेची तारीख घ्यावी. जिल्ह्याचे ठिकाण लांब असेल तर परिवहन कार्यालयाची तालुक्याला शिबिरे भरतात, त्यांची चौकशी करावी. स्वतःची गाडी, तिची नोंदणी, विमा, पीयूसी, 'एल' पाटी आणि हेल्मेट बरोबर न्यावे.

परीक्षेत आठाच्या आकड्यात गाडी फिरवायला लावतात. पाय जमिनीला टेकला की संपले. मी स्वतः पहिल्या खेपेला नापास झालो. कृषी पदवीधर आणि वाटेवरच्या दगडाकडे बघत बसलो! नजर जिथे, चाक तिथे. वळणाच्या पुढे बघावे, क्लच अर्धा धरावा, मागचा ब्रेक हलका लावावा. रानात दोन दगड मांडून रोज वीस फेऱ्या मारल्या की जमते. नापास झालात तर 7 दिवसांनी पुन्हा देता येते. त्यात लाज कसली?

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बिनगियरच्या स्कूटरवर परीक्षा दिली तर परवाना बिनगियरच्या गाडीचाच मिळतो. घरात मोटारसायकल असेल तर परीक्षा तिच्यावरच द्यावी. भगिनींनीही परवाना काढावा. धनी आजारी पडला तरी दूध डेअरीत वेळेवर जायला हवे.

परवाना आल्यानंतर

तिसाव्या वर्षाच्या आत काढलेला परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. तीस ते पन्नासमध्ये काढलेला 10 वर्षे. मुदत संपलेला परवाना नसल्यातच जमा. तारीख घरच्या कालदर्शिकेवर लिहून ठेवा, एक प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा आणि ती कुठे आहे ते घरच्यांना सांगून ठेवा.

हेल्मेट डोक्यावर घाला, हँडलला अडकवू नका. आपण पिकाचा विमा मुदतीत भरतो, मग घरच्या कर्त्या माणसाचा कागद का राहावा? येत्या बाजारच्या दिवशी एवढे काम उरकाच.