दोषसिद्धीच्या नोंदीचे निरसन (भारत)

दोषसिद्धीच्या नोंदीचे निरसन म्हणजे न्यायालयाने एखाद्या व्यक्तीस दोषी ठरवल्याची नोंद ठरावीक अटींवर नष्ट करणे, मोहोरबंद करणे किंवा कायद्याच्या दृष्टीने निष्प्रभ ठरवणे होय. शिक्षा भोगून झाल्यावरही जुनी नोंद नोकरी, परवाना आणि शिक्षणाच्या आड येऊ नये, हा यामागील उद्देश आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतील अनेक राज्यांनी किरकोळ गुन्ह्यांसाठी अशा तरतुदी केल्या असून त्यांची व्याप्ती वेळोवेळी वाढवली आहे. भारतात प्रौढांच्या दोषसिद्धीची नोंद पुसण्याची सर्वसाधारण तरतूद नाही. मात्र बालकांच्या नोंदी नष्ट करणे, परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीची अपात्रता दूर करणे आणि तडजोडीने खटला संपवणे, असे मर्यादित मार्ग उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात, विशेषतः परभणीसारख्या विमुक्त जमातींची वस्ती असलेल्या जिल्ह्यांत, या प्रश्नाला ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे.

संकल्पना

निरसन आणि निर्दोष मुक्तता या भिन्न गोष्टी आहेत. निर्दोष मुक्ततेत आरोप सिद्ध झालेला नसतो. निरसनात तो सिद्ध झालेला असतो, पण त्याचे परिणाम पुढे चालू ठेवायचे नाहीत असे कायदा ठरवतो. माफी ही तिसरी बाब आहे. संविधानाच्या अनुच्छेद ७२ व १६१ नुसार राष्ट्रपती व राज्यपाल शिक्षा माफ करू शकतात. परंतु त्यामुळे न्यायालयाच्या अभिलेखात बदल होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने केहर सिंग खटल्यात (१९८९) स्पष्ट केले आहे.

बालकांच्या नोंदी

भारतीय कायद्यात नोंद प्रत्यक्ष नष्ट करण्याची सर्वांत स्पष्ट तरतूद बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये आहे. या कायद्याच्या मूलभूत तत्त्वांमध्ये ‘नवी सुरुवात’ हे तत्त्व समाविष्ट आहे. कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार ही नोंद अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षे जपून ठेवली जाते व त्यानंतर नष्ट केली जाते. सोळा वर्षांवरील बालकाला निर्घृण गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटला चालवून बाल न्यायालयाने दोषी ठरवले असेल, तर या संरक्षणाला अपवाद केला जातो.

कलम ७४ नुसार, प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी अथवा अन्य कारणासाठी बालकाची नोंद उघड करण्यास पोलिसांना मनाई आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी किमान एक बाल न्याय मंडळ असावे, अशी या कायद्यात तरतूद आहे. नोंद नष्ट करण्याचे निर्देश हे मंडळ पोलिसांना देते.

परिवीक्षा

प्रौढांसाठी सर्वांत महत्त्वाची तरतूद अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ मध्ये आहे. कलम ३ नुसार चोरी, फसवणूक यांसारखे काही गुन्हे किंवा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हे प्रथमच करणाऱ्या व्यक्तीस न्यायालय समज देऊन सोडू शकते. कलम ४ नुसार, मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात कमाल तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर मुक्तता करता येते. एकवीस वर्षांखालील अपराध्यांना शक्यतो कारावास देऊ नये, असे कलम ६ सांगते.

कलम १२ नुसार अशा प्रकारे सोडलेल्या व्यक्तीला अन्य कायद्यांखाली दोषसिद्धीशी जोडलेली अपात्रता सोसावी लागत नाही. तथापि हे नोंदीचे निरसन नव्हे. भारत सरकार विरुद्ध बक्षी राम (१९९०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, परिवीक्षेमुळे दोषसिद्धी पुसली जात नाही आणि ज्या गैरवर्तनामुळे दोषसिद्धी झाली त्याबद्दल सेवेतून काढण्यास कलम १२ आड येत नाही. त्यामुळे परिवीक्षेवर सुटलेल्या उमेदवारालाही अर्जात दोषसिद्धीचा उल्लेख करावा लागू शकतो.

गुन्ह्याची कबुली आणि तडजोड

महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ किंवा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ यांखालील लहान प्रकरणांत वारंवार तारखा टाळण्यासाठी गुन्हा कबूल करून दंड भरण्याकडे अनेकांचा कल असतो. दंड भरल्याने प्रकरण मिटले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कबुलीनंतर झालेला दंड हीदेखील दोषसिद्धीच असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२९ नुसार केवळ पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असलेल्या क्षुल्लक गुन्ह्यांत आरोपी न्यायालयात हजर न होताही कबुली कळवून दंड भरू शकतो. त्याचाही परिणाम तोच होतो.

याउलट तडजोडयोग्य गुन्ह्यात फिर्यादीशी तडजोड झाल्यास, त्याच संहितेच्या कलम ३५९ नुसार, त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. म्हणून साधी मारहाण किंवा शिवीगाळ यांसारख्या प्रकरणांत लोकअदालतीतील तडजोड आणि कबुली यांतील फरक आरोपीच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. रामगोपाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०२१) या निकालात, निर्घृण नसलेल्या गुन्ह्यात दोषसिद्धीनंतरही पक्षकारांत समेट झाल्यास उच्च न्यायालय अंगभूत अधिकार वापरून कार्यवाही रद्द करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. परभणी जिल्ह्यातील अशी प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जातात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आणली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्या व्यक्तीने माल किंवा त्याची किंमत परत केल्यास तिला सामुदायिक सेवेची शिक्षा दिली जाते. यामुळे कारावास टळतो. दोषसिद्धी मात्र कायम राहते.

चारित्र्य पडताळणी

नोंदीचा परिणाम प्रामुख्याने पोलिसांकडून होणाऱ्या चारित्र्य पडताळणीत जाणवतो. शासकीय सेवा, पोलीस भरती, पारपत्र आणि अनेक खासगी नोकऱ्यांसाठी ती आवश्यक असते. पोलीस आयुक्त विरुद्ध संदीप कुमार (२०११) या निकालात तरुण वयातील लहान चुकांकडे उदारपणे पाहावे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने मांडले. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असावी. मात्र तरुणपणी घोषणा देण्यासारख्या किंवा क्षुल्लक स्वरूपाच्या प्रकरणातील दोषसिद्धी लपवली गेली असल्यास नियोक्ता ती चूक दुर्लक्षित करू शकतो, असे त्यात म्हटले आहे. हा नियोक्त्याचा विवेकाधिकार आहे, उमेदवाराचा हक्क नव्हे.

पहिल्या दोषसिद्धीचे पडसाद नंतरच्या खटल्यांतही उमटतात. पूर्वीची दोषसिद्धी सिद्ध झाल्यास समज देऊन सोडण्याची सवलत मिळत नाही आणि मालमत्तेविरुद्धच्या काही गुन्ह्यांत वाढीव शिक्षा होऊ शकते. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ नुसार घेतलेली बोटांचे ठसे इत्यादी मापे ७५ वर्षे जतन केली जातात. पूर्वी दोषी न ठरलेली व्यक्ती निर्दोष सुटल्यास ती नष्ट करण्याची तरतूद आहे; किरकोळ दोषसिद्धीसाठी मात्र अशी सवलत नाही.

परभणी जिल्हा आणि विमुक्त जमाती

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जिल्ह्यात बंजारा, कैकाडी, वडार आणि पारधी समाजांची वस्ती आहे. ब्रिटिश भारतात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समूहांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. शेजारच्या मुंबई इलाख्यातील सोलापूर येथे अशा जमातींसाठी कुंपणाने वेढलेली सेटलमेंट होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

त्यानंतर आलेल्या मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम, १९५९ ने जमातीऐवजी व्यक्तीच्या वारंवार झालेल्या शिक्षा हा निकष ठेवला. त्यामुळे लहान गुन्ह्यांतील जुन्या दोषसिद्धींना वेगळे महत्त्व आले. संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने २००७ मध्ये भारतातील सराईत गुन्हेगारविषयक कायदा रद्द करण्याची शिफारस केली. अमानतुल्ला खान प्रकरणात (२०२४) सर्वोच्च न्यायालयाने मागास समाजांतील निरपराध व्यक्तींची नावे पोलिसांच्या गुन्हेगार नोंदपत्रात यांत्रिकपणे येऊ नयेत, याकडे राज्यांचे लक्ष वेधले. सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही बजावण्यात आले. या निकालांतील हे निर्देश पोलिसांच्या अंतर्गत नोंदी व वर्तनाविषयी आहेत. न्यायालयीन दोषसिद्धीच्या नोंदींना ते स्पर्श करत नाहीत.

इतर देश

ब्रिटनमध्ये अपराधी पुनर्वसन कायदा, १९७४ नुसार ठरावीक काळ नवा गुन्हा न घडल्यास जुनी दोषसिद्धी ‘संपलेली’ मानली जाते आणि बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात ती सांगावी लागत नाही. मुलांसोबत काम करण्यासारखी काही पदे याला अपवाद आहेत. २०२३ पासून हा कालावधी आणखी कमी करण्यात आला. प्रौढाला झालेल्या दंडासाठी तो एक वर्ष आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये अनेक किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी अर्जाविना आपोआप मोहोरबंद करणारा कायदा केला. दहा वर्षांची मूळ प्रतीक्षा नंतरच्या दुरुस्तीने सात वर्षांवर आणली गेली.

व्याप्तीविषयी चर्चा

व्याप्ती वाढवण्याच्या बाजूने असा युक्तिवाद केला जातो की, दंडाची शिक्षा एका दिवसात संपते, पण नोंद आयुष्यभर टिकते; त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम गुन्ह्याच्या प्रमाणात राहत नाही. वकिलाचा सल्ला न घेता कबुली देणाऱ्या गरीब आरोपींवर याचा भार अधिक पडतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये दोषी ठरलेल्या उमेदवाराची अपात्रताही सामान्यतः सुटकेनंतर सहा वर्षांनी संपते, याकडेही लक्ष वेधले जाते. विरोधी बाजूचे म्हणणे असे की, सुरक्षा दले, बँका आणि बालसंगोपन संस्थांना उमेदवाराचा पूर्वेतिहास कळणे आवश्यक आहे आणि न्यायालयीन अभिलेख सार्वजनिक असणे हे खुल्या न्यायाचे अंग आहे. या दोन भूमिकांमधील मार्ग म्हणून नोंद नष्ट न करता ठरावीक काळानंतर ती सर्वसाधारण पडताळणीतून वगळण्याचा पर्याय मांडला जातो. त्यात न्यायालय व संवेदनशील पदांसाठी नोंद उपलब्ध राहते.