धरावे, पण सोडताही यावे

श्रोतेहो, शाळेतला एक प्रयोग आपणांस आठवत असेल. चुन्याच्या स्वच्छ निवळीत नळीने फुंकले, की निवळी दुधाळ होते. आपल्या उच्छ्वासात नायट्रोजन पुष्कळ, कार्बन डाय-ऑक्साइड चार-पाच टक्केच. पण चुना नेमका तोच धरतो, नायट्रोजनकडे ढुंकूनही पाहत नाही. असा निवडक पदार्थ आज शास्त्रज्ञांना हवा आहे.

का बरे? कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे 280 भाग होता. आता तो 420 च्या वर गेला आहे आणि पृथ्वी तापते आहे. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात तो शेकडा 12 ते 15 असतो. धुराड्यातच त्याला अडवावे, ही कल्पना.

मग चुना का नको? कारण तो एकदा धरले की सहज सोडीत नाही. वायू परत काढायचा तर भट्टी सुमारे 900 अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते. म्हणजे धूर अडवायला पुन्हा इंधन जाळायचे!

येथे बहुवारिके उपयोगी पडतात. लहान रेणू मण्यांसारखे ओवले, की लांबलचक माळ होते, ती बहुवारिक. नायलॉन त्याच कुळातले. या माळेत अमोनियाचे नातलग असे अमाइन गट गुंफता येतात. त्यांचा स्वभाव अल्कलीचा, वायूचा आम्लाचा. म्हणून दोघांचे जमते. नायट्रोजन मात्र निघून जातो. पॉलिएथिलिनइमाइन हे असेच एक बहुवारिक. सच्छिद्र सिलिकावर त्याचा लेप देतात. सुमारे 100 अंशांवर वायू सुटतो आणि तोच माल पुन्हा कामाला येतो.

पण पकड सैल असेल तर वायू निसटतो. घट्ट असेल तर सोडवायला खर्च फार. शिवाय उष्णतेने व प्राणवायूने अमाइन हळूहळू निकामी होते. हा तोल साधणे, हेच खरे काम. सुटलेला वायूही कोठे तरी कायमचा ठेवावा लागतो. नॉर्वेने 1996 पासून स्लाइपनर येथे तो समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला.

तेव्हा गुरुजी, निवळी दुधाळ झाली, की मुलांना एवढे जरूर विचारा : ‘धरले खरे, पण आता सोडवाल कसे?’