पळणे, उडी, फेक : गुण कसे द्यावेत?



गणिताचा पेपर तपासताना आम्ही शिक्षक नुसते उत्तर पाहत नाही, रीतही पाहतो. उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर काही गुण मिळतात, आणि गाडी कोणत्या पायरीला अडली हेही कळते. मग खेळाच्या तासाला आपण फक्त उत्तरच का पाहतो? पहिला कोण आला आणि कुणाचा चेंडू लांब गेला, एवढेच! ज्याचा चेंडू जवळ पडला तो 'खेळात कच्चा'. सहावी-सातवीत असा शिक्का बसलेली मुले हळूहळू मैदानाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसतात, ती पुन्हा उठतच नाहीत. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

बाराखडी आल्याशिवाय वाचन येत नाही. तशीच शरीराचीही एक बाराखडी आहे. तिला मूलभूत हालचालींची कौशल्ये म्हणतात. तिचे तीन भाग. पहिला, जागा बदलण्याच्या हालचाली : पळणे, उडी मारणे, लंगडी घालणे, बाजूला सरकणे. दुसरा, वस्तू हाताळणे : फेकणे, झेलणे, टोलवणे, लाथाडणे. तिसरा, तोल सांभाळणे. कबड्डी असो की क्रिकेट, सगळे खेळ याच अक्षरांचे बनलेले.

आपल्या औशाकडच्या खेळांत ही बाराखडी जुनीच आहे. लंगडीत एका पायाचा तोल, लगोरीत नेम आणि झेल, विटीदांडूत टोला, आट्यापाट्यांत हुलकावणी. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाराला फेकण्याची रीत कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती. पण हे खेळ कमी झाले, तसा सरावही कमी झाला. आता ती रीत मुद्दाम पाहावी लागते.

हालचाल तपासण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत निकाल मोजतात : किती सेकंद, किती मीटर. २०१९ पासून 'खेलो इंडिया'च्या शालेय तपासणीत मोठ्या मुलांसाठी ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, जोर अशा चाचण्या आहेत. ताकद, दम आणि लवचिकपणा त्यातून कळतो. दुसऱ्या पद्धतीत हालचाल कशी केली ते पाहतात. अमेरिकेतील डेल उलरिक यांनी १९८५ मध्ये अशी एक चाचणी प्रसिद्ध केली. ती तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी होती. पुढे आयर्लंडसारख्या देशांत १२-१३ वर्षांच्या मुलामुलींनाही तसेच तपासले गेले, तेव्हा तपासलेल्या सर्व कौशल्यांत तयार असलेली मुले मोजकीच निघाली. म्हणजे वय वाढले की हालचाल आपोआप सुधारते, हा समज खरा नाही.

तुमच्या वयात ही दुसरी पद्धत जास्त न्यायाची आहे. कारण ऐका. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास. त्यातही कुणाचे दोन वर्षे आधी, कुणाचे दोन वर्षे उशिरा. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांत वीतभर फरक! उंच पोरगा रीत चुकली तरी लांब फेकतो. लहानखुरा पोरगा बरोबर रीतीने फेकूनही मागे पडतो. टेप लावली तर पहिल्याला शाबासकी आणि दुसऱ्याला शिक्का. शिवाय पाय आधी लांब होतात, धड मागून वाढते. त्यामुळे काही महिने चांगली खेळणारी मुलेही धडपडतात. ते काही कायमचे नसते.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते पाहू. एक चेंडू, थोडी फक्की आणि वही एवढे पुरे. खांद्यावरून फेकण्यात चार गोष्टी पाहायच्या :

१) हात आधी खाली-मागे नेऊन मग वर आणला का?
२) कंबर आणि खांदा वळवून दुसरी बाजू समोर आणली का?
३) फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध पाय पुढे टाकला का?
४) चेंडू सुटल्यावर हात अंगावरून दुसऱ्या बाजूला गेला का?

जागेवरून लांब उडीतही चार : गुडघे वाकवून हात मागे नेले का, हात जोराने पुढे-वर आले का, दोन्ही पाय एकदमच उचलले आणि एकदमच टेकले का, टेकताना हात खाली आले का. लंगडीत मोकळा पाय झोक्यासारखा हलतो का आणि दोन्ही पायांवर सलग तीन उड्या जमतात का, ते पाहायचे. आधी एकदा करून दाखवायचे, मग प्रत्येकाला दोन संधी. जमले तर १, नाही तर ०. दोघांनी वेगवेगळे गुण लिहावेत आणि मग ताडून पाहावेत. फरक पडला तर पुन्हा पाहावे.

मी सातवीच्या मुलांना असे तपासतो, तेव्हा तिसऱ्या मुद्द्याला गाडी बरेचदा अडते. उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे! हे ताकदीचे काम नाही, सवयीचे आहे. जमिनीवर फक्कीने पाऊल काढून त्यावर डावा पाय टाकायला लावले की फरक दिसू लागतो.

मुलींबद्दल विशेष सांगायचे आहे. अनेक देशांतल्या पाहण्यांत या वयाच्या मुली फेकण्यात मागे दिसतात. त्याचे एक मोठे कारण सराव. चेंडू मुलांच्या हाती, आणि मुलीला घरी सांगतात, "आता मोठी झालीस, हुंदडणं पुरे." पण सारिका काळे आपल्या शेजारच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या. औसा १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. खो-खोसाठी त्यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तोही भारताच्या मुलींनी जिंकला. त्यांना वेळेवर मैदान मिळाले नसते तर?

शेवटी एक नियम सर्वांनी पाळावा. हे गुण वर्गात मोठ्याने वाचायचे नाहीत आणि त्यावरून नंबर लावायचे नाहीत. वहीतला शून्य म्हणजे 'येत नाही' असे नव्हे, 'अजून शिकवायचे आहे' असे समजावे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एकदा आणि परीक्षेपूर्वी एकदा तपासावे, आणि ज्याची त्याची तुलना त्याच्याशीच करावी. तर मग येत्या शनिवारी जोडीदार निवडा, वही काढा, आणि लिंबाखाली बसलेल्यांना आधी बोलवा.