मर्यादेच्या आत, पण कोणाच्या?

कारखान्याच्या सेफ्टी कमिटीसमोर हवेच्या तपासणीचा रिपोर्ट येतो, त्यावर ‘मर्यादेच्या आत’ असा शेरा असतो आणि विषय तिथेच मिटतो. मर्यादा म्हणजे निसर्गाने आखलेली रेघ, अलीकडे बिनधोक आणि पलीकडे विष, अशी यामागची समजूत. बेन्झीनचा इतिहास पाहिला तर ती टिकत नाही.

बेन्झीन पेट्रोलमध्ये असतं, कोक भट्टीच्या वायूत असतं. प्लास्टिक, रंग, औषधं यांच्या कच्च्या मालातही लागतं. वर्षानुवर्षं श्वासावाटे शरीरात जात राहिलं तर ते अस्थिमज्जा बिघडवतं आणि रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने १९४६ साली कामाच्या जागेतल्या हवेत १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग, बेन्झीन चालेल असं म्हटलं होतं. १९७७ मध्ये तो आकडा १० झाला, १९९७ मध्ये ०.५ आणि २०२४ मध्ये ०.०२. पाच हजार पटींनी खाली. रसायन तेच, माणसाचं शरीरही तेच. वाढली ती माहिती. त्यातली काही इस्तंबूलच्या चपला-बूट शिवणाऱ्यांनी जीव देऊन पुरवली. कोंदट खोल्यांत बेन्झीन असलेलं सोल्युशन वापरणाऱ्या या कारागिरांमध्ये ल्युकेमिया किती, हे डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी सत्तरच्या दशकात मांडलं.

आकडा निव्वळ विज्ञानातून निघतो, हाही एक गोड गैरसमज. ओशा या अमेरिकी सरकारी यंत्रणेने १९७८ मध्ये १० पीपीएमवरून १ वर यायचं ठरवलं. पेट्रोलियम उद्योग कोर्टात गेला. १० पीपीएमला लक्षणीय धोका आहे हे आधी दाखवा, असं म्हणत सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये तो नियम रद्द केला. शेवटी १९८७ मध्ये १ पीपीएम लागू झाला, आणि अमेरिकेचा कायदा आजही तिथेच आहे. युरोपीय संघाने ०.२ ठरवलं. एसीजीआयएच फक्त आरोग्य पाहते. कायदा करणाऱ्याला ते जमेल का, परवडेल का, हेही पाहावं लागतं. पाहू नये असं नाही. पण मग रिपोर्टवर ‘मर्यादा’ लिहिताना कोणाची, हेही लिहावं.

बऱ्याच रसायनांची मर्यादा ठरवताना प्राण्यांवर ज्या मात्रेला दुष्परिणाम दिसत नाही ती घेतात, माणूस आणि प्राणी वेगळे म्हणून तिला १० ने भागतात, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून पुन्हा १० ने. हा शंभराचा भागाकार १९५४ पासून अन्नातल्या रसायनांसाठी रूढ झाला. कर्करोगकारक रसायनांना तो सरळ लागू पडत नाही, कारण अमुक मात्रेखाली धोका शून्य असं बहुतेकदा धरताच येत नाही. तिथे किती जादा आजार सोसायचे हेच ठरवावं लागतं. जर्मनीत कामाच्या संपूर्ण आयुष्यात १,००० कामगारांमागे ४ जादा कर्करोग ही सहनशक्तीची वरची कड धरतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण निदान उघडपणे सांगतात तरी.

शिवाय कामाच्या जागेच्या मर्यादेचा आकडा साधारणपणे रोज ८ तास आणि आठवड्याला ४० तास कामासाठी असतो. आपल्याकडे आठवडा ४८ तासांचा, आणि कंत्राटी माणसाची ड्यूटी कित्येकदा १२ तासांची. ब्रीफ आणि स्काला या अभ्यासकांच्या हिशेबाने १२ तासांच्या पाळीत ८ भागिले १२, गुणिले १२ भागिले १६, म्हणजे मर्यादा बरोबर निम्मी धरायची. शरीरात जाण्याचा वेळ वाढतो आणि बाहेर टाकायला मिळणारा वेळ घटतो, इतकं साधं त्यामागचं कारण.

आता उलट बाजू. गळती झाली की ‘मर्यादेच्या पाचपट वायू’ अशी बातमी येते आणि लोक हादरतात. आठ तासांची सरासरी मर्यादा मिनिटभर ओलांडली म्हणून सहसा कोणी दगावत नाही; अपघातासाठी वेगळे आकडे असतात. मात्र कारखान्याची मर्यादा शेजारच्या वस्तीला लावणं ही त्याहून मोठी चूक. भारतात बाहेरच्या हवेत बेन्झीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. १ पीपीएम म्हणजे सुमारे ३,२०० मायक्रोग्रॅम, सहाशे पटींहून जास्त. वस्तीत तान्ही मुलं असतात, गरोदर बायका आणि दमेकरी असतात, आणि त्यांची सुट्टी होत नाही. डोंबिवली किंवा तारापूरच्या रहिवाशांना कारखान्याचा आकडा दाखवून कोणी समजूत घालू लागलं, तर मोजपट्टीच चुकली आहे असं खुशाल म्हणावं.

‘वास येत नाही, म्हणजे काही नाही’ हे तर रोजचंच. बेन्झीनचा वास जाणवेपर्यंत आजची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड त्याहून लबाड: १०० पीपीएमच्या आसपास तो नाकच बधिर करतो, वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि गटाराच्या चेंबरमध्ये उतरतो. कापडी मास्क वाफ अडवत नाही, गूळ किंवा दूध दिल्याने रक्तात गेलेलं बेन्झीन बाहेर येत नाही. पेट्रोलने हात धुणाऱ्या मेकॅनिकच्या कातडीतून जे आत जातं, ते हवेच्या तपासणीत दिसतच नाही.

राहिला नमुना. टँकरचं झाकण उघडून, वर वाकून डिप घेणाऱ्या, म्हणजे आतली पातळी मोजणाऱ्या, माणसाच्या कॉलरला कोळशाची नळी आणि कमरेला पंप लावला तर एक आकडा येतो. दहा फुटांवरच्या खांबाला लावला तर दुसरा, बराच सोयीचा. रिपोर्टात दोन्हींना ‘कामाच्या जागेची हवा’ म्हणता येतं. म्हणून शेऱ्याआधी नमुना कुठे, किती तास आणि कोणतं काम चालू असताना घेतला तो रकाना वाचावा. रकानाच नसेल तर रिपोर्ट परत पाठवावा.