पंपातलं औषध सादळतं तेव्हा

ब्रिटनच्या औषध नियामकांनी मे २०२५मध्ये नव्या वायूवर चालणाऱ्या श्वासविकाराच्या पंपाला मान्यता दिली आणि चर्चा सुरू झाली ती हवामानबदलाची. आजच्या बहुतेक पंपांत असणारा एचएफए-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो, तेव्हा तो बदलायलाच हवा. पण जुलैमध्ये ज्याच्या घराच्या भिंतींनाही पाझर फुटतो, त्या कोकणातल्या माणसाला आणखी एक प्रश्न पडतो. नवा वायू पाण्याशी कसा वागेल?

पावसाळ्यात पापड सादळतात, मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही. कॅप्सूलमधली श्वासाची पूडही सादळते, हे दम्याच्या रुग्णांना माहीत असतं. धातूच्या डबीतला पंप मात्र आपण अभेद्य मानतो. आत २० अंश तापमानाला बाहेरच्या हवेच्या पाचपटींहून अधिक दाब असतो. आतला वायू बाहेर पडायला धडपडत असताना बाहेरचं पाणी आत शिरेलच कसं?

तरीही ते शिरतं, आणि मला या विषयाचं मर्म इथेच सापडतं. प्रत्येक वायू स्वतःपुरता हिशेब पाहतो. डबीत वायूचा दाब प्रचंड असला, तरी पाण्याच्या वाफेचा दाब जवळपास शून्य असतो. बाहेर दमट हवेत ही वाफ भरपूर असते. मग ती आपली वाट शोधते आणि ती वाट झडपेच्या रबरी रिंगेतून जाते. कुकरची रिंग वाफ अडवते असं आपण म्हणतो; पण रबर म्हणजे काच नव्हे. पाण्याचे रेणू त्यात विरघळतात, हळूहळू सरकतात आणि महिनोन्‌महिने थोडे थोडे आत झिरपत राहतात.

१९५६मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या पंपांना याची झळ कमी बसली. त्यांच्या जन्माची कथा प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डबीत का मिळत नाही? तिथल्या अर्विंग पोरश यांनी अत्तराच्या बाटल्यांची झडप वापरून ते करून दाखवलं. त्या काळचे सीएफसी वायू पाण्याला जवळ करत नसत. सीएफसी-१२च्या दहा लाख भागांत जेमतेम १२० भाग पाणी मावायचं. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या या वायूंना १९८७च्या माँट्रियल कराराने निरोप दिला आणि त्यांच्या जागी एचएफए-१३४ए आला. त्यात पाणी मावतं सुमारे २,२०० भाग, म्हणजे अठरा पट!

याचा अर्थ थेंबांत मोजू. दोनशे फवाऱ्यांच्या साल्ब्युटामॉलच्या एका नेहमीच्या डबीत साधारण १८ ग्रॅम वायू असतो. त्यात जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम पाणी विरघळू शकेल. हे एका थेंबाहून कमीच. पण त्याच डबीतलं सगळं औषध त्याहून कमी भरतं, जेमतेम २५ मिलिग्रॅमच्या आसपास!

हे औषध द्रवरूप वायूत बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. फुप्फुसांत खोलवर पोचायला कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचे हवेत. ओलाव्याने ते एकमेकांना आणि डबीच्या भिंतीला चिकटतात. फवारा उडतो, आवाज येतो, चवही लागते; पण जाडे झालेले कण घशातच आदळतात. माणूस म्हणतो, “पंप घेतला, पण आराम नाही.” म्हणूनच काही कंपन्या पंप फॉइलच्या पाकिटात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह देतात. पाकीट फोडल्यावर ठरावीक मुदतीत पंप वापरून टाकायचा असतो. व्हेंटोलिनच्या अमेरिकी पंपावर ही मुदत बारा महिन्यांची आहे.

माझ्या आत्याला दमा होता. पंप संपला का, हे पाहायला ती डबी पाण्याच्या तांब्यात सोडायची. “बुडाला की भरलेला, बाळा.” असं करणारी ती एकटी नव्हती, ही युक्ती जगभर शिकवली गेली. पण ती भरवशाची नाही, आणि झडपेत पाणी जाऊन ती तुंबूही शकते. उरलेल्या मात्रा मोजायच्या तर आकडा दाखवणारा पंप घ्यावा. धुवायचं ते प्लास्टिकचं आवरण, डबी काढून, आठवड्यातून एकदा, कोमट पाण्याने. त्यातल्या अर्ध्या मिलिमीटरहून लहान छिद्रात औषध साचतं, म्हणून हे धुणं लागतंच. मात्र पावसाळ्यात रात्रभर टांगूनही ते ओलंच राहिलं, तर छिद्रात पाण्याचा थेंब अडकून बसतो. पंप न्हाणीघरातल्या कपाटात ठेवू नये, हेही तितकंच खरं.

पण सगळा भार रुग्णावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पाकिटाची शिस्त सगळ्या पंपांना नाही. डबीवर ‘फोडल्याची तारीख’ लिहायला दोन बोटं मोकळी जागा ठेवायला किती खर्च येतो? औषधं सहा महिने ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत तपासतात, हे ठीक. पण रत्नागिरीचा जुलै ८५ टक्क्यांच्या वरच असतो, आणि तिथला पंप पाकिटाबाहेर, खिशात असतो.

आता वायू पुन्हा बदलतो आहे. वायू बदलला की रबर वेगळं फुगतं, झडप नव्याने बेतावी लागते. सीएफसी गेलं तेव्हा हे सगळं करावं लागलं होतं. या वेळी आराखडा मांडतानाच दमट किनारे ध्यानात घ्यावेत. आत्याला शेवटी पंप घेऊनही आराम का पडत नसे, हे आम्हाला तिच्या हयातीत कळलं नाही. तुमच्या घरातल्या डबीवर आजच पेनाने पाकीट फोडल्याची तारीख घाला.