सुट्टी मुलांची, सहल आईचीही!

परीक्षा संपल्या की घरोघरी एकच धोशा सुरू होतो, "आई, या सुट्टीत पुण्याला नेशील ना?" पुण्यात कुणाचा भाऊ असतो, कुणाची नणंद, कुणाची मावसबहीण. राहण्याची सोय असते. त्यामुळे बार्शी असो, संगमनेर असो की फलटण, दोन दिवसांची पुण्याची चक्कर ठरून जाते. मग यादी होते. शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग, कात्रज, सिंहगड, शिवाय तुळशीबागेतली खरेदी आणि "आलोच आहोत तर" म्हणून दोन नातेवाईक. सगळं दोन दिवसांत!

या धावपळीत आई काय बघते? पाण्याच्या बाटल्या, डब्याची पिशवी, काढलेल्या चपला आणि धाकट्याचा निसटणारा हात. मुलं दमून कुरकुरतात, वडील घड्याळ बघतात आणि दोघांची समजूत घालता घालता तिची सहल संपते. घरी आल्यावर धुण्याचा ढीग असतोच.

मैत्रिणींनो, म्हणून निघण्यापूर्वीच घरात एक नियम जाहीर करून टाका. दिवसाला दोनच ठिकाणं. एक सकाळी, एक चार वाजल्यानंतर. मधल्या उन्हात जेवण आणि विश्रांती. ठिकाणं कमी झाली तरी मुलांच्या लक्षात जास्त राहतं आणि मुख्य म्हणजे आपल्यालाही मान वर करून बघायला फुरसत मिळते.

वाडा आणि महाल

पहिली सकाळ शनिवारवाड्याची. मुलांना आधीच सांगून ठेवा, की आत सिनेमात दिसतो तसा राजवाडा नाही. नाहीतर "एवढंच?" म्हणून तोंडं वाकडी होतात. थोरल्या बाजीरावांच्या या वाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. तो वार शनिवार होता. १८२८ मध्ये मोठी आग लागली आणि लाकडी मजले जळून गेले. उरले ते तट, दरवाजे आणि दगडी जोती.

पण दिल्ली दरवाजासमोर मुलांना उभं करा आणि विचारा, "या दाराला एवढे मोठे खिळे कशाला?" शत्रूच्या हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून. हे कळलं की ती दार नव्याने बघायला लागतात. आत हजारी कारंज्याचा हौद आहे. तो नीट लक्षात ठेवायला सांगा, कारण दुसऱ्या दिवशी त्याची पुढची गोष्ट सांगायची आहे.

वाड्यातून पायी दोन-चार मिनिटांवर लाल महाल. आज दिसते ती वास्तू महापालिकेने अलीकडे बांधलेली आहे, मूळ महाल राहिलेला नाही. पण जागेची गोष्ट मोठी आहे. उजाड झालेल्या पुण्यात जिजाऊ लहानग्या शिवबाला घेऊन राहायला आल्या आणि सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून त्यांनी गाव पुन्हा वसवलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. एप्रिल १६६३ मध्ये याच महालात मुक्काम ठोकलेल्या शाहिस्तेखानाची बोटं महाराजांनी छाटली. बोटांची गोष्ट मुलांना पाठ असते. आपण त्यांना जिजाऊंची सांगायची. पती दूरच्या मुलखात, हाताशी लहान मूल आणि समोर ओसाड गाव! ही गोष्ट आईच्या तोंडून ऐकण्यात वेगळीच मजा आहे.

आईच्या हुशारीचं ठिकाण

संध्याकाळऐवजी दुपारीच आत शिरावं असं एक ठिकाण म्हणजे मंडईपासून जवळ, शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. भर उन्हात डोक्यावर छप्पर मिळतं, हा एक फायदा. दुसरा फायदा फार मोठा आहे. इथे गाईडची गरज नाही. इथली गाईड आई, आणि आजी बरोबर असेल तर आजी!

कारण दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) राजांच्या तलवारींबरोबर घरातल्या बायकांच्या हाताखालच्या वस्तूही आयुष्यभर गावोगाव फिरून गोळा केल्या. नाना तऱ्हांचे अडकित्ते, समया आणि दिवे, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, पानदानं, कोरीव दारं-खिडक्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना या कामात साथ होती. सगळ्या मिळून वीस हजारांहून अधिक वस्तू जमल्या. त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात, तरीही दोन तास पुरत नाहीत. पुढे त्यांनी हा सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला.

इथे मुलं विचारतात, "आई, हे काय गं?" आणि आपल्याला उत्तर येत असतं! "अरे, पणजीकडे अशीच वज्री होती. न्हाणीत बसून टाचा घासायची." शाळेच्या अभ्यासात मुलं आपल्या पुढे गेली, मोबाइलमधलं तर तीच आपल्याला शिकवतात. या संग्रहालयात मात्र आपली पोतडी भरलेली असते. ती उघडायची संधी सोडू नका. अडकित्त्याला घोड्याचा किंवा पक्ष्याचा आकार द्यावासा कुणाला वाटला असेल, रोजच्या वापरातली वस्तू इतकी देखणी का केली असेल, यावर मुलं खूप बोलतात.

कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महालही इथेच आहे. आणि नावातला 'राजा'? तो केळकरांचा मुलगा. अल्पवयातच गेलेला. त्याच्या आठवणीसाठी हे संग्रहालय त्याच्या नावाने आहे. आपलं दुःख उराशी धरून न बसता त्या बापाने दुसऱ्यांच्या मुलांसाठी केवढं घर भरून ठेवलं! मुलांना हे जरूर सांगा. त्यांना समजतं.

कात्रजचं पाणी, कात्रजचे वाघ

दुसरी सकाळ कात्रजची. स्वारगेटहून सातारा रस्त्याने बसने जाता येतं. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा. पूर्वी पुण्याचे प्राणी पेशवे पार्कात पिंजऱ्यात असत. आपल्यापैकी कित्येकींनी लहानपणी ते तिथेच पाहिले असतील. १९९९ मध्ये कात्रजचं प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि प्राण्यांना मोकळी जागा मिळाली.

आवार खूप मोठं आहे. सकाळी उघडताच आत जा. तेव्हा ऊन कमी असतं आणि प्राणीही हिंडताना दिसतात. दुपारी वाघ झाडाखाली झोपलेला असतो आणि मुलं "उठ ना!" म्हणून ओरडत बसतात. आजी-आजोबा किंवा कडेवरचं मूल बरोबर असेल तर बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचं तिकीट काढा. तिथे पायांची परीक्षा बघू नका. सर्पोद्यानात साप मारू नये, हे मुलांना काचेपलीकडून शांतपणे समजतं. गावाकडच्या मुलांना हे कळणं फार गरजेचं आहे.

आणि आता हौदाची गोष्ट! नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधवून घेतला आणि तिथून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणलं. ना पंप, ना वीज. केवळ उतारावरून वाहत आलेलं पाणी वाड्यातल्या हौदांपर्यंत पोहोचायचं. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून वाटेत 'उच्छ्वास' बांधलेले होते. काल पाहिलेला हौद आणि आजचं तळं असं जुळलं, की मुलांचे डोळे मोठे होतात.

संध्याकाळ बागेची

संध्याकाळी सारसबाग. पूर्वी इथे तळं होतं आणि मधोमध बेटावर गणपती, म्हणून तो 'तळ्यातला गणपती'. थंडीच्या दिवसांत गेलात तर या बाप्पाला स्वेटर आणि कानटोपी घातलेली दिसेल. घरी स्वेटरला नाही म्हणणारं मूलही ते पाहून मुकाट घालतं! शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ साली सुरू झालेली 'फुलराणी' ही छोटी रेल्वे आहे. ती दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हे पुण्यातल्या पाहुण्यांकरवी आधी विचारून घ्या. मुलांना शब्द देऊन तिथे जाणं आणि गाडी बंद असणं, हे आईलाच निस्तरावं लागतं. दम उरला असेल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या मोजत चढा. मोजायला दिल्या की मुलं कुरकुर करत नाहीत.

जाता-येता मेट्रोने जरूर जा. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ आणि सिव्हिल कोर्ट या भुयारी टप्प्यावर २९ सप्टेंबर २०२४ पासून गाडी धावते. कसबा पेठेहून शनिवारवाडा जवळ. पुढे सिव्हिल कोर्टाकडे जाताना गाडी चक्क मुठा नदीच्या खालून जाते! थोड्या पैशांत मुलांची सहलच होते. रेल्वेवेड्या मुलाला कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या संग्रहालयात न्यायलाही विसरू नका.

पिशवी भरताना

- दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर ठेवा. बाहेरचं खाणं दिवसातून एकदाच. ते मस्तानीचं असू द्या, मुलं वर्षभर नाव काढतील.
- लहान मुलाच्या खिशात आपला मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं, ते प्रत्येक ठिकाणी आत शिरतानाच ठरवा.
- प्रत्येक ठिकाणी आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघा. आपण बायका पाणी न पिता दिवस काढतो आणि रात्री डोकं धरून बसतो. हे नको.
- वेळा आणि सुट्टीचे वार बदलतात. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा.
- ज्यांच्याकडे उतराल त्या वहिनींनाही एका संध्याकाळी बरोबर न्या. पाहुण्यांचा स्वयंपाक करता करता त्यांनीही कित्येक वर्षांत पर्वती पाहिलेली नसते.

आणि शेवटचं. डब्याची पिशवी सकाळी आई धरेल, दुपारनंतर बाबा. हेही निघण्यापूर्वीच ठरवा. बाबा "नाही" म्हणणार नाहीत, फक्त त्यांना कुणी कधी विचारलेलं नसतं. दोन तास हात मोकळे मिळाले की कळतं, आपल्यालाही त्या अडकित्त्यांपुढे थोडं थांबायचं होतं!