स्तनातली गाठ आणि जाड सुईची तपासणी

भगिनींनो, बांधाजवळची चिमूटभर माती नमुना म्हणून देऊ नका, असे मी आपणांस नेहमी सांगतो. आज तेच स्तनातल्या गाठीविषयी सांगायचे आहे. संकोच नको, घरधन्यानेही वाचावे.

स्तनाच्या कर्करोगांत शंभरांत एकाहूनही कमी वेळा सार्कोमा निघतो. तो दुधाच्या नळ्यांत नव्हे, आधार देणाऱ्या मऊ भागात उपजतो. त्याच्याच जवळची फायलोड्सची गाठ. आत पानासारखे पदर दिसले म्हणून म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली हे नाव दिले. बहुतेक साध्या असतात, काही कर्करोगाच्या. दुखत नाही, हाताला सरकते, म्हणून बाई गप्प बसते आणि काही महिन्यांत लिंबाएवढी गाठ मोसंबीएवढी होते.

बारीक सुईने सुट्या पेशीच येतात. त्यांवरून साधी गाठ की फायलोड्स, हे पुष्कळदा कळत नाही. सोनोग्राफीतही दोन्ही सारख्याच दिसतात. जाड सुईने तुकडा काढून तपासावा लागतो; तरीही शंका उरली तर सबंध गाठ काढून.

पूर्वी स्तनाला किरणोपचार झाले असतील आणि काही वर्षांनी कातडीवर निळसर-जांभळा डाग उठला, तर तो मुका मार समजू नका, दाखवा. सार्कोमा ठरल्यास छातीचा सीटी स्कॅन करतात, कारण तो काखेपेक्षा रक्तावाटे फुफ्फुसांकडे जातो. तपासणीचा कागद मात्र सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा.